नदीची उन्हाळी धोका पातळी

जुलै उजाडला आणि पावसानं जोर धरला, की कोल्हापुरात सकाळी एकच प्रश्न ऐकू येतो, ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?’ चहाच्या टपरीवर, एस.टी.त, मंडईत, सगळीकडे तेच. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते आपल्याकडून पाठच करून घेतले आहेत.

याच पंचगंगेची आणखी एक धोका पातळी आहे. ती फुटांत मोजत नाहीत. ती गाठली जाते ती भर उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत. पुराची पातळी वर चढली की धोका असतो, ही खाली उतरली की धोका असतो. ही पातळी आहे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची. ती ओलांडली गेल्याचा भोंगा वाजत नाही. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या कडेला मेलेल्या माशांचा थर दिसतो, तेव्हा आपल्याला कळतं. आज बोलायचं आहे ते या उन्हाळी पातळीविषयी, आणि ती आपल्याआधी ओळखणाऱ्या माशांविषयी.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्रयाग चिखलीच्या बाजूला गळ घेऊन जात असे. काठी बांबूची, आमिष गांडुळाचं किंवा कणकेच्या गोळीचं. शेजारी एक वयस्क भोईमामा बसलेले असत. एकदा पहाटेच गेलो, तर पाण्याच्या वरच्या थराशी शेकडो मासे तोंडं उघडझाप करत होते. मला वाटलं, आज चंगळ! मामांनी माझ्या हातातली काठी खाली ठेवायला लावली. म्हणाले, ‘‘आरं पोरा, ही भूक न्हवं. पाणी शिळं झालंय. मासा वर येऊन वारा पितोय. आज गळ टाकू नगंस.’’ ‘शिळं पाणी’ हा शब्द तेव्हा नुसताच गमतीचा वाटला होता. पुढं प्राणिशास्त्राची पुस्तकं हातात आली, तेव्हा कळलं की मामांनी अख्खा धडा दोन शब्दांत सांगितला होता.

हे शिळेपण म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपण ज्या हवेत श्वास घेतो, तिच्या एका लिटरमध्ये सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पाण्यात मात्र तो विरघळून राहतो, आणि तोही अगदी चिमूटभर. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. पाणी ३० अंशांवर गेलं की तो साडेसातवर येतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे आपल्या वाट्याला त्याहूनही थोडा कमी. सोड्याची बाटली तापली की तिच्यातला वायू निघून जातो, तसाच हा प्रकार. पाणी जितकं गरम, तितका त्यात वायू कमी.

आता गंमत पाहा, किंवा दुर्दैव म्हणा. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या अंगाचं तापमान पाण्यासोबत वरखाली होतं. पाणी दहा अंशांनी तापलं, की त्याच्या शरीरातला व्यवहार साधारण दुप्पट वेगानं चालतो आणि प्राणवायूची गरजही साधारण दुप्पट होते. म्हणजे उन्हाळ्यात घरातली खाणारी तोंडं दुप्पट आणि कोठीतलं धान्य कमी, अशी माशाची अवस्था होते. म्हणूनच उन्हाळ्यात मासा उगाच हिंडत नाही. दुपारी उथळ पाणी सोडून तो डोहाच्या गारव्याला जातो, काठच्या झाडांच्या सावलीला थांबतो, नाहीतर खडकावरून पाणी खळाळत पडतं तिथं तोंड करून उभा राहतो. खळाळत्या पाण्यात हवा मिसळते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सगळे मासे सारखे नाहीत, हेही इथंच सांगायला हवं. मरळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तिला पाण्याबाहेर तोंड काढून थेट हवेतला प्राणवायू घेता येतो. म्हणून बाजारात ती टोपलीतही बराच वेळ जिवंत राहते. मांगूरचंही तसंच. रोहू, कटला, मृगळ यांना ती सोय नाही. आणि खडकाळ, वाहत्या पाण्यात वाढलेला महाशीर तर या बाबतीत फारच नाजूक. तेव्हा एखाद्या डोहात फक्त मरळ आणि मांगूरच उरले असतील, तर तो डोह मासे आहेत म्हणून निरोगी आहे, असं समजू नये. कमी प्राणवायूत तगणारे तेवढे मागं राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या नदीकडे वळू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, ती प्रयाग चिखलीला. तिथून कोल्हापूर, रुई, इचलकरंजी, शिरोळ असा प्रवास करत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. हे अंतर जेमतेम ८० किलोमीटर. पावसाळ्यात जी नदी शहरात शिरते, ती मार्चनंतर स्वतःच्या पाण्यावर वाहत नाही. ती वाहते ते मुख्यतः धरणांतून सोडलेल्या पाण्यावर. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचा लक्ष्मी तलाव बांधायला घेतला, त्याला शंभरहून अधिक वर्षं झाली. आजही उन्हाळ्यात आपल्या नळाला आणि उसाला जे पाणी मिळतं, त्यात त्या दूरदृष्टीचा वाटा मोठा आहे.

या पाण्याला जागोजागी अडवून ठेवतात ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. आपल्या जिल्ह्याचं नाव लागलेली ही साधी, स्वस्त आणि उपयोगी रचना. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढून घ्यायचे. यातून हजारो एकर ऊस उभा राहिला. त्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. पण माशाच्या बाजूनं पाहिलं तर उन्हाळ्यात वाहती नदी उरत नाही, एकापुढं एक लांबलचक तळी उरतात. पाणी थांबलं की तापतं. वरचा थर गरम आणि हलका, खालचा गार आणि जड. दोन्ही थर मिसळेनासे होतात. हवेशी संबंध तुटलेल्या खालच्या थरातला प्राणवायू हळूहळू संपत जातो. गारव्यासाठी तळाला जावं तर श्वास कोंडतो आणि श्वासासाठी वर यावं तर चटका बसतो.

इथपर्यंतही मासा तग धरतो. हजारो वर्षं त्यानं असे उन्हाळे काढलेत. खरा घात होतो तो यात घाण मिसळते तेव्हा. शहराचं सांडपाणी वर्षभर साधारण तेवढंच असतं, पण ते मुरवून घेणारं पाणी उन्हाळ्यात आटलेलं असतं. कोल्हापुरात कसबा बावड्याला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झालं, जयंती आणि दुधाळी नाल्यांचं पाणी अडवण्याचे प्रयत्न झाले, हे खरं. तरीही शहरांचं आणि नदीकाठच्या गावांचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत जातं, असं आजही म्हणता येत नाही. त्यात वस्त्रोद्योगाचं रंगीत पाणी आणि साखर कारखान्यांच्या परिसरातून कधीमधी सुटणारी मळी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले होते, आणि पंचगंगा त्यांत होती.

पुष्कळांना वाटतं, की मासे विषानं मरतात. कधी कधी तसंही होतं. पण बहुतेक वेळा ते गुदमरून मरतात. सांडपाणी काय किंवा मळी काय, हे सूक्ष्म जिवाणूंचं अन्न आहे. अन्न मिळालं की जिवाणू कोट्यवधींनी वाढतात आणि ते कुजवताना पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. गरम पाण्यात हे काम आणखी झपाट्यानं होतं. मळीचं पाणी थोडं असलं तरी त्याची प्राणवायूची भूक प्रचंड असते. ते साचलेल्या पाण्यात शिरलं, की बंधाऱ्यामागचा साठाच्या साठा एका रात्रीत शिळा होतो.

वरून केंदाळ आहेच. जांभळ्या फुलांची ती जलपर्णी लांबून शोभून दिसते. पण तिनं पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही आणि वाराही लागत नाही. खालच्या पाणवनस्पतींना उजेड नाही, म्हणून त्या प्राणवायू तयार करत नाहीत. पानं-मुळं कुजली की तीही जिवाणूंच्या पंगतीला.

आता भोईमामांच्या त्या पहाटेकडे परत जाऊ. मासे वर आले ते पहाटेच का? पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेही आपल्यासारखंच प्राणवायू घेतं. रात्रभर शेवाळ, जिवाणू, मासे सगळे मिळून त्याच कोठीतून खातात. म्हणून साचलेल्या, हिरव्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्य उगवण्याच्या सुमारास. दुपारी एक-दोनपर्यंत तो पुन्हा वाढतो, कधी कधी चांगलाच वाढतो.

ही गोष्ट नुसती शास्त्राची नाही, व्यवहाराची आहे. पहाटे मासे मेले, आठ वाजता गावात बातमी पसरली, फोन झाले आणि पाण्याचा नमुना घेतला दुपारी, तर त्या नमुन्यात प्राणवायू पुरेसा सापडू शकतो. कागदोपत्री नदी ठणठणीत आणि काठावर मासे मेलेले, असं मग होतं. तपासणी करायची तर पहाटे करायला हवी, आणि वरच्या थराबरोबर तळाजवळचंही पाणी घ्यायला हवं.

जगात इतरत्र काय करतात? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत सॅमन आणि स्टीलहेड हे मासे असतात. ते नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून येतात. ते थंड पाण्याचे. पाणी २० अंशांपलीकडे गेलं, की त्यांना त्रास सुरू होतो. आपल्याकडे वीस अंश म्हणजे थंडीतली सकाळ! २०१५ च्या उन्हाळ्यात तिथल्या कोलंबिया नदीचं पाणी इतकं तापलं, की सॉकाय जातीचे अडीच लाखांवर सॅमन अंडी घालण्याच्या जागी पोचायच्या आधीच मेले. तिथंही धरणांमागं थांबलेलं पाणी तापणं, हे एक कारण होतंच.

तिकडचे हौशी मासेमार खिशात थर्मामीटर बाळगतात. पाणी ठरावीक अंशापलीकडे गेलं, की ते आपण होऊन गळ गुंडाळतात. कारण तापलेल्या पाण्यात गळाला लागून दमलेला मासा सोडून दिला तरी बहुधा जगत नाही. मोंटाना राज्यात तर नियमच आहे. पाण्याचं तापमान सलग तीन दिवस २३ अंशांच्या आसपास गेलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत त्या नदीत मासेमारी बंद करता येते. पहाटे मोकळीक, कारण तिथल्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात पहाट सर्वांत गार असते. आपल्या साचलेल्या हिरव्या पाण्यात नेमकी पहाटच वाईट. तेव्हा त्यांचा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. कासारी-कुंभीच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी स्वच्छ खळाळतं, तिथं तो लागू पडेल. खाली बंधाऱ्यामागच्या पाण्यात नाही. पाणी वाचून निर्णय घेण्याची सवय मात्र आपण जरूर उचलावी.

आपल्याकडे सॅमन नाही, पण महाशीर आहे. इंग्रज त्याला ‘भारतातला सॅमन’ म्हणत. दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. हाही मासा समुद्रात जात नसला तरी पावसाळ्यात नदी चढतो आणि वरच्या अंगाच्या स्वच्छ, खडीच्या पाण्यात अंडी घालतो. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाची कृत्रिम पैदास होत आली आहे. तिथली पिल्लं देशातल्या कितीतरी जलाशयांत सोडली गेली. आपल्या मुठेतून माशाची नोंद झाली आणि आपल्याच सह्याद्रीत त्याला वाचवण्याचं तंत्रही बसवलं गेलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पिल्लं सोडायची ती कोणत्या पाण्यात, हा प्रश्न राहतोच.

आणि इथं उन्हाळा आणि पावसाळा यांची गाठ पडते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, ओढे भरून वाहू लागले, की आपल्याकडे ‘चढणीचे मासे’ सुरू होतात. नव्या गढूळ पाण्याचा वास लागताच मासे प्रवाहाविरुद्ध निघतात, ओढ्यांतून, चरांतून थेट भाताच्या खाचरापर्यंत. रात्री कंदील, बॅटऱ्या घेऊन धरायला जाण्याची मजा आपल्यापैकी अनेकांनी घेतली असेल. पण जूनमध्ये चढणारा मासा येतो कुठून? तो आकाशातून पडत नाही. मे महिन्यात डोहात दम धरून जो जिवंत राहिला, तोच जूनमध्ये चढतो. चढणीच्या माशाच्या पोटात गाबोळी असते. तो नदीचा पुढच्या वर्षाचा बी-बियाण्याचा साठा आहे. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाणं शिजवून खात नाही. इथं आपण आधी उन्हाळ्यात बियाणं गुदमरवतो आणि त्यातून जे वाचतं, ते ओढ्याच्या तोंडाशी जाळी लावून उचलतो.

पहिल्या पावसाचा आणखी एक धोका आहे. उन्हाळाभर नाल्यांत साचलेला गाळ पहिल्या सरींबरोबर एकदम नदीत येतो. त्याच सुमारास बरगे निघाले, की बंधाऱ्यामागचं तळाचं शिळं पाणी खाली लोटलं जातं. पाऊस पडला, आता नदी सुटली, असं आपल्याला वाटतं, तेव्हाच शिरोळ तालुक्यातल्या तेरवाडसारख्या बंधाऱ्यांवर मासे तडफडताना दिसतात. लोक टोपल्या, पोती घेऊन धावतात. कृपा करून असे मासे घरी नेऊ नका आणि कुणाला विकूही देऊ नका. तो नुसताच गुदमरला की पाण्यात आणखी काही होतं, हे पाहून सांगता येत नाही. आणि नदीचं दुखणं माशापाशी थांबत नाही, हे आपण पाहिलेलं आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली आणि माणसं दगावली.

मग करायचं काय? आपल्या पूर्वजांनी एक उत्तर शोधून ठेवलं होतं. महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथले महाशीर देवीचे म्हणून कुणी धरत नाही. माणसं त्यांना चुरमुरे घालतात आणि नमस्कार करून जातात. आपल्या जवळचं उदाहरण आंबोलीचं. हिरण्यकेशीच्या उगमावरच्या मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली. तिला नदीचंच नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तीच हिरण्यकेशी पुढं आजरा, गडहिंग्लजवरून वाहते. ‘देवाचा डोह’ या कल्पनेत उन्हाळ्याचं शहाणपण आहे. पाणी आटतं तेव्हा निदान एक खोल, स्वच्छ जागा राखून ठेवायची, म्हणजे पावसाळ्यात तिथून सगळी नदी पुन्हा भरते. प्रत्येक नदीकाठच्या गावानं आपला एक डोह असा राखला, मे-जून या दोन महिन्यांत तिथं गळ, जाळं काही टाकलं नाही, तर खर्च शून्य आणि फायदा आपल्याच भोई-कोळ्यांच्या पोरांना. आटलेल्या डोहात विष कालवणं, सुरुंग उडवणं हा तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनचा गुन्हा आहे. त्याची आठवण गावात पुन्हा करून द्यायला हवी.

नदीकडे बघायलाही आपण शिकू शकतो. पहाटे मासे वर तोंड काढताहेत, खेकडे आणि झिंगे पाणी सोडून काठाला चढताहेत, बगळे एकाच ठिकाणी गर्दी करताहेत, पाण्याला कुजकट वास आणि काळपट रंग आहे, यांतल्या दोन खुणा जरी एकत्र दिसल्या तरी पाणी शिळं झालं समजावं. त्याच वेळी फोटो काढावा, वेळ लिहून ठेवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पाटबंधारे खात्याला कळवावं. धरणातून वेळेवर थोडं जास्त पाणी सोडलं तर पुष्कळदा पुढचा अनर्थ टळू शकतो. उन्हाळ्यात शेतीसाठी उपसाबंदीचे दिवस ठरतातच. त्या हिशेबात माशांच्या श्वासाचं पाणीही धरावं, एवढंच मागणं आहे.

आणि शेवटची गोष्ट. पाणी स्नानाला योग्य म्हणायचं तर त्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि मासे जगायला, वाढायला किमान ४, अशी प्रदूषण मंडळाचीच मोजपट्टी आहे. म्हणजे इशारा पातळी ५ आणि धोका पातळी ४. फुटांचे आकडे जसे पावसाळ्यात रोज जाहीर होतात, तसे एप्रिल ते जून या काळात राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ या बंधाऱ्यांवरचे पहाटेचे आकडे रोज जाहीर झाले, तर केवढा फरक पडेल! मोजण्याचं यंत्र हातात मावणारं आहे, कॉलेजची पोरंही ते वापरू शकतात. मग मे महिन्यात टपरीवरच्या चहाबरोबर कुणीतरी विचारील, ‘आज तेरवाडला किती?’ कुणीतरी सांगेल, ‘साडेचार.’ आणि पाणी शिळं व्हायच्या आत आपल्याला दोन दिवस तरी मिळतील.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)